कॅज्युअल्टीत रोज तीन तास : औषध निर्माण अधिकाऱ्याने नेमकं काय करायचं?

कातळसडा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दक्षिण कोकणातलं ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय आहे. आजवर आम्हा औषध निर्माण अधिकाऱ्यांचं (फार्मासिस्टचं) काम म्हणजे ओपीडीची खिडकी, स्टोअर, ई-औषधीवरच्या (औषधसाठ्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरच्या) नोंदी आणि वॉर्डांचे इन्डेंट (औषधांची मागणीपत्रं). आता अधीक्षकांनी सांगितलंय, रोज तीन तास कॅज्युअल्टीत बसा आणि औषधांच्या चुका कमी करा. लेखी काही नाही, वेगळी पोस्ट नाही. रात्री एक एमओ (मेडिकल ऑफिसर), एक सिस्टर, एक ब्रदर. केसेस म्हणाल तर सर्पदंश, विंचू, आंब्याच्या बागेतल्या फवारणीचं विष, हार्ट अटॅक, साखर उतरलेली म्हातारी माणसं, हायवेवरचे अपघात.

विचारायचं असं की सुरुवात कुठून करू? डॉक्टरांच्या ऑर्डरवर बोलायचं कुठे आणि गप्प राहायचं कुठे? आणि तीन तास कोणते निवडू? "औषधांचा विवेकी वापर" वगैरे ट्रेनिंगमधलं नको. कुठली अँप्यूल (इंजेक्शनची कुपी), कुठे, किती, असं सांगा.

---

जुना_स्टोअरवाला

पहिला आठवडा पेशंटकडे जाऊच नका. कॅज्युअल्टीतली तातडीच्या औषधांची ट्रॉली उघडा. तुम्ही तीन तास असणार, उरलेले एकवीस तास नसणार. तुमच्या माघारी रात्री दोन वाजता जो हात ट्रॉलीत जाईल त्याला योग्य तीच अँप्यूल लागली पाहिजे, एवढी व्यवस्था लावता आली तर निम्मं काम झालं.

पहिलं काम वस्तू ठेवण्याचं नाही, काढण्याचं. पोटॅशियम क्लोराइड १५ टक्के, १० मि.ली.ची अँप्यूल ट्रॉलीतून आजच्या आज बाहेर. त्या एका अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं आणि ती शिरेत सरळ ढकलली तर हृदय थांबतं, परत सुरू होईल याची खात्री नाही. डिस्टिल्ड वॉटरची १० मि.ली.ची प्लॅस्टिक अँप्यूल आणि ही, दोन्ही पारदर्शक, दोन्ही जवळपास सारख्या. घाईत पावडर विरघळवायला पाणी म्हणून हात हिच्यावर पडतो. कुलुपात ठेवा, लाल पट्टी लावा, "पातळ केल्याशिवाय देऊ नये" असं मराठीत लिहा. द्यायची वेळ आलीच तर ५०० मि.ली. सलाइनमध्ये एक अँप्यूल, बाटली चांगली उलटसुलट करून, दोन तासांत. म्हणजे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंट होतं. बाटली टांगलेली असताना वरून अँप्यूल टोचली तर पोटॅशियम तळाशी, नळीच्या तोंडाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांतच पेशंटमध्ये जातं. हे बऱ्याच ठिकाणी होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरं, वर्णक्रमाने मांडणी करू नका. स्टोअरच्या सवयीने आपण तेच करतो. ए अक्षराच्या ओळीत अॅड्रेनलिन, अॅट्रोपिन, अॅमिनोफायलिन, अॅमिओडेरोन शेजारी शेजारी येतात. त्यातल्या अॅड्रेनलिन आणि अॅट्रोपिन दोन्ही १ मि.ली.च्या, कधी कधी एकाच रंगाच्या काचेच्या. मांडणी कामानुसार करा: हृदय थांबल्याचा कप्पा, अॅलर्जीचा, झटक्यांचा, विषबाधेचा. अॅट्रोपिनचा मोठा साठा विषबाधेच्या कप्प्यात, हृदयाच्या कप्प्यात पाचच. नवीन बॅच आली आणि कंपनी बदलली की अँप्यूलचं रूप बदलतं. त्या दिवशी ट्रॉलीजवळ नवी आणि जुनी अँप्यूल शेजारी चिकटवून कागद लावा. सरकारी पुरवठ्यात कंपनी दर टेंडरला बदलते, त्यामुळे हे काम कधी संपत नाही.

तिसरं, एकाच औषधाच्या दोन ताकदी एका जागी ठेवू नका. शक्य तिथे एकच ठेवा.

इन्सुलिन: आपल्याकडे ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मि.ली. अशा दोन्ही वायल (रबरी बुचाच्या कुप्या) फिरतात. ४०ची सिरिंज लाल टोपीची, १००ची नारिंगी. १००च्या वायलमधून लाल टोपीच्या सिरिंजने १०च्या खुणेपर्यंत भरलं तर २५ युनिट जातात. उलट केलं तर १०च्या जागी ४. कॅज्युअल्टीत ४०ची वायल आणि लाल सिरिंज, एवढीच जोडी ठेवा. दुसरी आली तर परत पाठवा.

हेपॅरिन: ५ मि.ली.ची वायल १००० युनिट प्रति मि.ली.चीही येते आणि ५००० चीही. म्हणजे एका वायलमध्ये एकूण ५ हजार की २५ हजार, हे पॅकवरचा बारीक छापा ठरवतो.

मिडाझोलाम: १ मि.ली.त १ मि.ग्रॅ. आणि १ मि.ली.त ५ मि.ग्रॅ. "दोन मि.ली. द्या" अशी ऑर्डर या औषधात चालवून घेऊ नका, मि.ग्रॅ.त बोलायला लावा.

नॉरअॅड्रेनलिन: २ मि.ली. अँप्यूलवर काही कंपन्या ठळक अक्षरात बायटार्ट्रेट (औषधाचं क्षाररूप) ४ मि.ग्रॅ. छापतात, काही बेस (मूळ औषध) २ मि.ग्रॅ. औषध तेवढंच. डोस बेसमध्ये मोजतात. कंपनी बदलल्यावर कुणी "ही डबल स्ट्रेंथ दिसते" म्हणून निम्मी घातली की बीपी वर येत नाही आणि कुणाला कारण सापडत नाही.

भूल देताना स्नायू शिथिल करणारी औषधं, सक्सिनिलकोलिन, अॅट्राक्युरियम, फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी ठेवू नका. झाकणाचा वेगळा डबा, वर "श्वास थांबतो".

---

इन्चार्ज_सिस्टर

वरचं सगळं मान्य. पण एक हात जोडून सांगते: ट्रॉली बदलणार असाल तर तिन्ही पाळ्यांच्या सिस्टरना दाखवून बदला. दुपारी तुम्ही छान लावून घरी गेलात आणि रात्रीच्या सिस्टरला अॅड्रेनलिन जुन्या जागी मिळालं नाही, तर तुमच्या मांडणीचा उपयोग काय? कप्प्याचा फोटो काढून झाकणाच्या आतून चिकटवा.

दुसरं. सिरिंजला लेबल. दोन सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवल्या की पाच मिनिटांनी कुठली कुठली ते भरणाऱ्यालाही सांगता येत नाही. मायक्रोपोरचे तुकडे आणि पेन ट्रॉलीला दोरीने बांधून ठेवा. औषध, एकूण मि.ग्रॅ., एकूण मि.ली., वेळ. लेबल नसलेली सिरिंज टाकायची, तिच्यात कितीही महागाचं असो. हा नियम आम्ही सांगितला तर डॉक्टर वैतागतात. तुम्ही लेखी काढून अधीक्षकांची सही घ्या.

तोंडी ऑर्डर बंद होणार नाहीत, सीपीआर चालू असताना कोण लिहीत बसणार. पण ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणायचा. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" गोंधळात एकसारखे ऐकू येतात, तेव्हा "एक पाच" आणि "पाच शून्य" असं म्हणायचं. वापरलेली अँप्यूल केस संपेपर्यंत टाकायची नाही, किडनी ट्रेमध्येच ठेवायची. शेवटी मोजून लिहिता येतं काय काय गेलं.

आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या! पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने पट्टी खराब होते आणि साखर भलतीच दाखवते. पट्टी दुसऱ्या डबीत किंवा खिशात काढून ठेवायची नाही. डबी उघडल्याची तारीख वर लिहा. या गोष्टीकडे फार्मसीचं लक्ष कधीच नसतं, कारण पट्ट्या "औषध" नाहीत.

---

बंदरकाठचा_डॉक्टर

कॅज्युअल्टी एमओच्या बाजूने. आम्हाला फार्मासिस्ट हवा असतो तो हिशेबाला आणि साठ्याला. डोस बदलायचा अधिकार डॉक्टरचा, पण "थांबा" म्हणायचा अधिकार तुमचाही आहे. औषध शिरेत जाण्याआधी म्हणा, नंतर रजिस्टरमध्ये शेरा मारू नका. पद्धत सोपी: "सर, वजन ६० धरून हे इतके मि.ग्रॅ. होतात, तुम्ही इतके लिहिलेत, तेच ठेवायचे?" असं विचारल्यावर चिडणारा डॉक्टर क्वचितच असतो. असलाच तर तो चिडू दे.

आता आपल्या भागातल्या तीन केसेस, जिथे तुम्ही नसलात तर गाडं अडतं.

सर्पदंश. आपली पॉलिव्हॅलंट लस (म्हणजे अनेक सापांच्या विषावर चालणारा उतारा) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर. चापड्यावर ती चालत नाही. रक्तात विष गेल्याची लक्षणं असतील तरच द्यायची. सुरुवातीचा डोस १० वायल, लहान मुलालाही तेवढाच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. त्वचेवर टेस्ट डोस नाही. पावडरची वायल १० मि.ली. पाण्यात विरघळायला वेळ घेते, हलवली तर फेस होतो, हातात हळूच फिरवायची. दहा वायल एकट्या सिस्टरने करायच्या म्हणजे मौल्यवान मिनिटं जातात. तुम्ही तिथे असाल तर हे तुमचं काम. मग सलाइनमध्ये घालून साधारण तासाभरात. सुरू करण्याआधी अॅड्रेनलिन ०.५ मि.ग्रॅ. म्हणजे अर्धा मि.ली. सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून, उशाशी. रिअॅक्शन आली की ड्रिप थांबवून मांडीच्या स्नायूत. शिरेत नाही! अॅड्रेनलिनची सगळ्यात वाईट चूक हीच: स्नायूचा डोस शिरेतून.

रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी काचेच्या नव्या, कोरड्या टेस्टट्यूबमध्ये, २ मि.ली. रक्त, न हलवता. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या काचेत रक्त गोठायला वेळ लागतो, विष चढल्याचा खोटा निकाल येतो आणि १० वायल फुकट जातात. तेव्हा नव्या काचेच्या ट्यूब लॅबच्या भरवशावर न ठेवता लसीच्याच डब्यात ठेवा.

मण्यार किंवा नाग, पापण्या उतरल्यात: अॅट्रोपिन ०.६ मि.ग्रॅ. आधी, मग निओस्टिग्मिन १.५ मि.ग्रॅ. शिरेतून. निओस्टिग्मिनची अँप्यूल १ मि.ली.त ०.५ मि.ग्रॅ. असेल तर ३ मि.ली. हे दोन्ही लसीच्या डब्यातच. मण्यारीच्या दंशात मात्र निओस्टिग्मिनचा गुण बऱ्याचदा येत नाही, अँब्यू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) तयार लागते.

तांबडा विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन वापरून दाखवलं, तोवर हे पेशंट फुप्फुसात पाणी होऊन जात. डोस ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो तोंडाने, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. इथे फार्मासिस्टचा मुद्दा एकच आणि फार मोठा: गोळी साधी हवी, १ मि.ग्रॅ.ची. बाजारात प्राझोसिन जास्त मिळतं ते २.५ आणि ५ मि.ग्रॅ.चं, हळूहळू सुटणारं, एक्सएल लिहिलेलं. ती गोळी तोडून उपयोग नाही. तोडली तर सगळं औषध एकदम सुटतं, न तोडता दिली तर हवं तेव्हा पोचत नाही. स्थानिक खरेदीत "प्राझोसिन" एवढंच लिहून पाठवलं तर एक्सएल येणार हे धरून चाला. ऑर्डरवर "साधी गोळी, १ मि.ग्रॅ." लिहा. गोळी दिल्यावर पेशंट आडवाच, उठला की चक्कर येऊन पडतो. नुसतंच दुखत असेल, घाम नाही, उलटी नाही, हातपाय गार नाहीत, तर प्राझोसिन नको, जागेवर भुलीचं इंजेक्शन पुरे. विंचवाला अॅट्रोपिन देऊ नये, नाडी आणखी भडकते.

फवारणीचं विष. नातेवाइकाला पहिला प्रश्न: बाटली कुठे आहे? बाटली किंवा तिचा फोटो. लेबल वाचण्याचं काम तुमचं. डायमेथोएट, क्विनॉलफॉस असेल तर ऑर्गॅनोफॉस्फेट. लॅम्डा सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन हे पायरेथ्रॉइड, इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम वेगळ्याच गटातले. तुडतुड्यांसाठी बागेत हे सगळे आलटून पालटून वापरतात, म्हणून "आंब्याचं औषध प्यायला" एवढ्यावर प्रॅलिडॉक्झिम (ऑर्गॅनोफॉस्फेटवरचा उतारा) सुरू करायचं नाही. मिश्रणं असतात, दोन्ही नावं वाचा. अडलं तर एम्सच्या विष माहिती केंद्राचा टोल-फ्री १८००-११६-११७ भिंतीवर लिहून ठेवा.

ऑर्गॅनोफॉस्फेटला अॅट्रोपिन ३ मि.ग्रॅ.ने सुरुवात आणि दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती कोरडी, नाडी ८०च्या वर, बीपी ८०च्या वर होईपर्यंत. ०.६ मि.ग्रॅ.ची अँप्यूल धरली तर ३, मग ६, मग १२, म्हणजे दहा मिनिटांत २१ मि.ग्रॅ. = ३५ अँप्यूल. पुढे एकूण लागलेल्याच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमध्ये, म्हणजे तासाला आणखी ४ ते ७ अँप्यूल. ट्रॉलीत दहा अँप्यूल बघून समाधान मानणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. बाहुली मोठी झाली की थांबा, असं नाही. छाती ऐका. ताप, बडबड, पोटाचे आवाज बंद झाले तर जास्त झालं. प्रॅलिडॉक्झिम ३० मि.ग्रॅ. प्रति किलो, साधारण २ ग्रॅम म्हणजे ५००च्या चार अँप्यूल, अर्ध्या तासात सावकाश. झटक्यात दिलं तर बीपी पडतं, हृदयही थांबू शकतं. मग ८ मि.ग्रॅ. प्रति किलो दर तासाला, म्हणजे तासाला सुमारे एक अँप्यूल.

---

फार्मडी_सह्याद्री

तासांबद्दल. ओपीडीच्या वेळी कॅज्युअल्टीत बसून फारसं हाती लागत नाही, तेव्हा डॉक्टर भरपूर असतात. संध्याकाळी ५ ते ८ घ्या. शेतावरचे, बागेतले, बंदरावरचे पेशंट तेव्हा येतात, आणि रात्रपाळी येते तेव्हा हस्तांतर तुमच्यासमोर होतं. रात्रीसाठी काय कमी आहे ते तेव्हाच भरता येतं.

सगळ्या ऑर्डर तपासायला जाऊ नका, एकट्याला जमणार नाही. अमेरिकेत इमर्जन्सी विभागात पूर्णवेळ फार्मासिस्ट असतात, तिथेही प्राधान्यक्रम असतो. आपल्याकडे २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये प्रिस्क्रिप्शन तपासणं, पेशंटला समजावणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे, त्यामुळे "तुमचं काय काम इथे" असं कुणी विचारलं तर आधार आहे. माझा क्रम असा: वजनावर मोजायचं प्रत्येक औषध, बारा वर्षांखालचं प्रत्येक मूल, गुठळी विरघळवणारी औषधं, इन्सुलिन, आणि सत्तरीच्या पुढचा प्रत्येक पेशंट. पँटोप्राझोल (आम्लपित्ताचं) नि ओन्डान्सेट्रॉन (उलटीचं) सोडून द्या.

सत्तरीच्या पुढचे का? घरी एकटी राहणारी म्हातारी माणसं, मुलं मुंबईला, औषधं मुंबईच्या डॉक्टरची, गणपतीला येताना मुलाने तीन महिन्यांची आणून दिलेली. पिशवी आणायला सांगा, नावं विचारू नका. पिशवीत एकाच औषधाचे दोन ब्रँड निघतात आणि दोन्ही चालू असतात. यात चार गोष्टी शोधायच्या.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड: जुलाबाने दोन दिवस जेवण नाही, गोळी मात्र चालू, आणि आता बेशुद्ध. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मि.ली. दिलं की उठून बसतात आणि नातेवाईक घरी न्यायला निघतात. सोडू नका. गोळीचा अंमल ग्लुकोजपेक्षा कितीतरी लांब चालतो, साखर पुन्हा उतरते. किमान २४ तास देखरेख आणि तासातासाला साखर. किडनी अधू असेल तर त्याहून जास्त.

अॅसिनोकौमेरॉल, वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या): हृदयाच्या व्हॉल्व्हचे पेशंट. यांना मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमॉक्साझोल (दोन्ही जंतुनाशकं) लिहिलं की रक्त आणखी पातळ होत जातं. डोक्याला मार लागून आलेला असेल तर ही माहिती सीटी स्कॅनच्या आधी डॉक्टरकडे पोचली पाहिजे. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन यांना सहज टोचलं जातं, तेही अडवा.

बीपीची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गोळी, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र, त्यात जुलाब. किडनी बसते. दुखण्याची गोळी तर ताबडतोब बंद, बाकी दोन थांबवण्याबद्दल डॉक्टरला विचारा.

छातीत दुखतंय आणि नायट्रोग्लिसरीन द्यायचंय: सिल्डेनाफिल २४ तासांत, टाडालाफिल ४८ तासांत घेतलंय का, हे बायको-मुलांसमोर विचारू नका. खरं उत्तर येणार नाही.

हार्ट अटॅकमध्ये स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट तासाभरात. लवकर संपवलं तर बीपी पडतं. पूर्वी कधी दिलं असेल तर पुन्हा नाही, शरीरात प्रतिपिंडं असतात, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे: ६० किलोखाली ३० मि.ग्रॅ., ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९०च्या पुढे ५०. वय पंचाहत्तरीपुढे असेल तर निम्म्या डोसचा विचार. पण हेच औषध पक्षाघातात दिलं तर डोस फार कमी, ०.२५ मि.ग्रॅ. प्रति किलोच्या वर नाही आणि एकूण २५ मि.ग्रॅ.च्या वर कधीच नाही. ६२ किलोच्या माणसाला हृदयासाठी ३५, मेंदूसाठी साडेपंधरा. तक्ते अदलाबदल झाले तर मेंदूत रक्तस्राव. म्हणून दोन तक्ते दोन रंगांच्या कागदावर, दोन वेगळ्या भिंतींवर. टेनेक्टेप्लेज डेक्स्ट्रोजमध्ये साखळतं, नळीत डेक्स्ट्रोज चालू असेल तर आधी सलाइनने धुवा.

झटक्यांवरच्या फेनिटॉइनचंही तेच, फक्त नॉर्मल सलाइन. डेक्स्ट्रोजमध्ये स्फटिक होतात. ६० किलोला किलोमागे २० मि.ग्रॅ. प्रमाणे १२०० मि.ग्रॅ. म्हणजे १२ अँप्यूल. इतक्या अँप्यूल बघून नवा डॉक्टर कचरतो आणि तीनच देतो, मग झटके थांबत नाहीत. १०० मि.ली. सलाइनमध्ये, मिनिटाला ५० मि.ग्रॅ.च्या वर नाही, म्हणजे अर्धा तास धरा. वृद्ध किंवा हृदयरोगी असेल तर तास. मनगटाच्या बारीक शिरेतून नको, बाहेर झिरपलं तर हात जांभळा पडतो.

अपघातात ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. तीन तासांची मर्यादा अपघाताच्या वेळेपासून मोजायची, केस पेपरच्या वेळेपासून नाही. घाटात गाडी उलटून माणूस दीड तासाने पोचलेला असतो. त्याच पेशंटला रिंगर लॅक्टेट चालू असतं आणि त्याच नळीत सेफ्ट्रिअॅक्सोन टोचतात. रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमशी साका होतो. मोठ्या माणसात नळी सलाइनने धुऊन मागेपुढे देता येतं, २८ दिवसांखालच्या बाळात कॅल्शियमयुक्त सलाइन चालू असेल तर सेफ्ट्रिअॅक्सोन देऊच नये.

रिअॅक्शन आली की फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा) फॉर्म भरा, बॅच नंबरसकट. सर्पलसीच्या थंडी-तापाच्या रिअॅक्शन एकाच बॅचवर येऊ लागल्या तर ते असंच कळतं. हेल्पलाइन १८००-१८०-३०२४.

---

कातळसडा

सगळ्यांचे आभार. पोटॅशियम आजच कुलुपात गेलं. प्राझोसिन पाहिलं, शेल्फवर एक्सएलच आहे, साधी गोळी मागवतोय.

अजून दोन शंका. मुलांचं वजन. काटा आहे, पण झटके चालू असलेलं पोर काट्यावर कसं ठेवणार? आणि लाइटचं काय? जूनच्या वादळात सहा-सात तास जाते, जनरेटर ऑपरेशन थिएटर आणि ऑक्सिजनला जोडलेला आहे. फ्रिजमधल्या औषधांचं काय करायचं? सर्पलसीचा साठा किती ठेवावा, तेही सांगा.

---

बंदरकाठचा_डॉक्टर

आईला मुलासकट काट्यावर उभी करा, मग एकटीला, वजाबाकी करा. तेही जमत नसेल तर एक ते सहा वर्षं: वय गुणिले दोन अधिक आठ. सात ते बारा: वय गुणिले सात, वजा पाच, भागिले दोन. चार वर्षांचा १६ किलो, आठ वर्षांचा साडेपंचवीस. पोर दिसायलाच हडकुळं असेल तर कमी धरा. मग तुमचं काम: १०, १२, १४, १६, २० किलोचा एकेक कागद, प्रत्येक औषध मि.ग्रॅ.त आणि तुमच्याकडच्या अँप्यूलप्रमाणे मि.ली.त, दोन्ही. १६ किलोला अॅलर्जीसाठी अॅड्रेनलिन ०.१६ मि.ली., १ मि.ली.च्या सिरिंजने. शिरेतलं पॅरासिटामॉल किलोमागे १५ मि.ग्रॅ. प्रमाणे २४० मि.ग्रॅ. म्हणजे २४ मि.ली. १०० मि.ली.ची बाटली मुलाला टांगायचीच नाही, २४ मि.ली. ब्युरेटमध्ये (ड्रिपला जोडायच्या मापाच्या नळीत) काढून द्या. टांगलेली बाटली कुणी वेळेवर बंद करत नाही.

---

जुना_स्टोअरवाला

फ्रिज. लसीकरणाचा आयएलआर (लसी साठवायचा खास फ्रिज) असेल तर लाइट गेल्यावरही तो बराच वेळ गार राहतो, झाकण उघडलं नाही तर. कॅज्युअल्टीतला घरगुती फ्रिज तासा-दोन तासांत चढतो. आत बर्फाचे पॅक कायम भरून ठेवा, पण औषध पॅकला चिकटवू नका. इन्सुलिन आणि धनुर्वाताची लस गोठली की संपली, नंतर वितळून साधी दिसली तरी. औषध दारातल्या कप्प्यात नको. थर्मामीटर आतच, दिवसातून दोनदा नोंद, २ ते ८. लाइट गेल्याची आणि आल्याची वेळ फ्रिजच्या दारावर लिहायची. सक्सिनिलकोलिनची वायल बाहेर राहिली तर १४ दिवसांत वापरायची, बाहेर काढल्याची तारीख वायलवरच टाका. पावडरची सर्पलस थंड, अंधाऱ्या कोरड्या जागी चालते, द्रव लसीला मात्र फ्रिजच लागतो. वाटप येतं तेव्हा खोक्यावर वाचून घ्या की हाती काय आलंय.

साठा. एका फुरशाच्या पेशंटला १० वायल, सहा तासांनी रक्त गोठत नसेल तर आणखी, म्हणजे माणशी २० धराच. लावणीच्या आणि भातकापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी दोन पेशंट येणं नवल नाही. जून ते नोव्हेंबर ४०च्या खाली उतरू देऊ नका. साठा ४०च्या जवळ उतरला की जिल्ह्याला मागणी पाठवण्याऐवजी शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे फोन करा, तिथे पडून असतात. उचलून आणा, ई-औषधीवर हस्तांतर दाखवा.

---

फार्मडी_सह्याद्री

एक राहिलं. रेफर. आपल्याकडून पेशंट रत्नागिरीला, कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जातो, १०८मध्ये दोन-तीन तास. चिठ्ठीवर "लस दिली, अॅट्रोपिन दिलं" एवढंच असतं. पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, किंवा भीतीने काहीच देत नाही. तीन तासांच्या ड्यूटीत हे तुम्ही भरून द्या: औषध, एकूण मि.ग्रॅ. किंवा वायल, शेवटचा डोस किती वाजता, ड्रिपमध्ये आता काय चालू आहे आणि कुठल्या वेगाने, सर्पलसीचा बॅच नंबर, रिअॅक्शन आली का. विषबाधेच्या पेशंटबरोबर वाटेत लागणारं अॅट्रोपिन मोजून द्या. तासाला सहा अँप्यूल लागत असतील आणि प्रवास तीन तासांचा असेल तर १८ नाही, ३०. घाटात ट्रॅफिक अडकतं.

---

इन्चार्ज_सिस्टर

आणि ती चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात देऊ नका. १०८च्या डॉक्टरच्या हातात द्या, एक फोटो पुढच्या कॅज्युअल्टीला पाठवा, कार्बन कॉपी आमच्या केस पेपरला.